बुधवारची बकेट आणि मालक कोण?

बुधवारी संध्याकाळी सातच्या सुमारास आपल्या शहरातल्या केएफसीत डोकावून बघा. लाल-पांढऱ्या बकेटभोवती पाच-सहा जणांचं टोळकं असतं. एकाच्या मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडलेला. ‘तुझे दोन, माझे दोन, मग तिसरा लेग पीस कुणी उचलला?’ टीटीएमएमचा जमाना आहे, तुकड्यागणिक हिशोब होतो.

बुधवारच का? त्या दिवशी बकेटवर ऑफर असते, हे कुणीही सांगेल. पण आपल्याकडे आणखी एक कारण आहे, ते जाहिरातीत लिहिलेलं नसतं. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा नाहीतर गणपतीचा, गुरुवार दत्ताचा किंवा साईबाबांचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. ‘आज वार आहे’ हे वाक्य ज्यांच्या घरात आठवड्यातून चारदा ऐकू येतं, त्यांच्यासाठी बुधवारची ऑफर म्हणजे आईने दिलेली परवानगीच. (हॉस्टेलवरची मंडळी वार पाळतात की नाही, यावर इथे काही लिहिणार नाही. आया पेपर वाचतात.)

हे फक्त घरगुती निरीक्षण नाही, बरं का. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि श्रावण दोन महिने चालला. तेव्हा चिकन विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या तिमाही निकालांच्या चर्चेत श्रावणाचा विषय निघाला होता. ज्या कंपन्यांचे शेअर मुंबईच्या बाजारात विकले जातात, त्यांच्या नफ्या-तोट्यात आपल्या आजीचा उपास असतो, हे मला भारीच वाटलं.

पण मी या विषयाकडे बकेटमुळे वळले नाही. वळले ते एका मित्राच्या फोनमुळे.

तो आमच्याच बॅचचा, बीबीए करतो, उस्मानपुऱ्यात रूम करून राहतो. गाव फुलंब्री तालुक्यात. घरी थोडी शेती आणि पाच हजार ब्रॉयलर कोंबड्यांचं शेड. दिवाळीनंतर एका रात्री त्याचा फोन आला, आवाजात हवा भरलेली. ‘अगं, मी केएफसीची फ्रँचायझी घेतोय!’ नेटवर सर्च करून त्याने एक फॉर्म भरला होता. दुसऱ्याच दिवशी ‘रिलेशनशिप मॅनेजर’चा फोन आला होता. गोड हिंदी, मधूनमधून इंग्लिश, लोगो असलेलं पत्र, कोपऱ्यात शिक्का. जागेचे फोटो पाठवा, आधार-पॅन पाठवा आणि रजिस्ट्रेशन फी म्हणून एक लाख पंचावन्न हजार भरा. उरलेलं कंपनी बघून घेईल. फी अर्थातच ‘रिफंडेबल’. मुदत शुक्रवारपर्यंत, कारण शहरासाठी ‘एकच स्लॉट’ शिल्लक.

पैसे अण्णांकडे, म्हणजे त्याच्या वडिलांकडे मागायचे होते. त्याआधी त्याला एक ‘बिझनेस प्लॅन’ लिहून हवा होता आणि मासकॉमवाल्यांना लिहिता येतं, असा त्याचा गैरसमज आहे. प्लॅनसाठी माहिती काढायला बसले आणि तीन दिवस दुसरं काही केलंच नाही.

पेट्रोल पंपावरची कोंबडी

बकेटवरचा तो पांढऱ्या दाढीचा म्हातारा खरा होता, हे आधी सांगते, कारण आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या जणांना तो कार्टून वाटायचा. हारलंड सँडर्स. जन्म १८९०, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात. वडील लहानपणीच गेले, पुढे त्याने नाना नोकऱ्या केल्या. १९३० मध्ये केंटकी राज्यातल्या कॉर्बिन गावात तो पेट्रोल पंप चालवायला लागला आणि थांबणाऱ्या प्रवाशांना जेवण देऊ लागला. ‘कर्नल’ ही पदवी सैन्यातली नव्हे, ती राज्याच्या गव्हर्नरने १९३५ मध्ये दिलेली मानाची पदवी.

त्याची खरी करामत मसाल्याइतकीच कुकरची आहे. लोखंडी कढईत कोंबडी तळायला अर्धा तास लागायचा, तेवढा वेळ प्रवासी थांबत नसत. १९३९ च्या सुमारास त्याने प्रेशर कुकर हाताळून वेळ खाली आणला. म्हणजे आपण ज्याला फास्ट फूड म्हणतो, त्यातलं ‘फास्ट’ कुकरच्या झाकणाखालून आलं.

मग महामार्ग वळला. गावाबाहेरून नवा रस्ता जाणार म्हटल्यावर गिऱ्हाईक आटलं. बीड बायपास झाल्यावर शहरातून जाणाऱ्या ट्रकवाल्यांवर जगणाऱ्या ढाब्यांचं काय झालं असेल, ते डोळ्यांसमोर आणा. साठी ओलांडलेल्या सँडर्सने सगळं विकून देणी फेडली. हाती उरला सरकारी पेन्शनचा १०५ डॉलरचा चेक. तो गाडीत कुकर आणि मसाला टाकून गावोगावच्या हॉटेलवाल्यांकडे जायला लागला. ‘तुझ्या भटारखान्यात मी कोंबडी तळून दाखवतो. आवडली तर ठेव, प्रत्येक कोंबडीमागे मला चार-पाच सेंट दे.’ पहिला करार त्याआधीच, १९५२ मध्ये, सॉल्ट लेक सिटीच्या पीट हार्मनबरोबर झालेला होता. करार म्हणजे काय, तर हातात हात. त्याची बायको क्लॉडिया घरी मसाल्याची पाकिटं भरून पोस्टाने पाठवायची.

१९६४ मध्ये त्याने कंपनी वीस लाख डॉलरला विकली, तेव्हा सहाशेच्या वर दुकानं झाली होती. त्यानंतर तो पगारी चेहरा होऊन राहिला आणि नव्या मालकांनी ग्रेव्ही बिघडवली म्हणून चारचौघांत शिव्या घालत राहिला. १९८० मध्ये गेला.

इथे मी थांबले. या गोष्टीत माझ्या मित्रासारखी माणसं कुठे आहेत? तर सगळीकडे. पहिली सहाशे दुकानं अशाच लोकांची होती. आधीपासून छोटं हॉटेल चालवणारी, स्वतः गल्ल्यावर बसणारी माणसं. मित्राच्या डोक्यात फ्रँचायझीचं जे चित्र होतं, ते १९५५ चं होतं.

दोन माश्या आणि अजिनोमोटो

भारतातली गोष्ट वेगळ्याच सुरात सुरू होते. जून १९९५ मध्ये बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर पहिलं केएफसी उघडलं. आपल्यापैकी कुणाचा जन्मही झाला नव्हता. उदारीकरणाला चार वर्षं झाली होती आणि परदेशी कंपनीने चिकन विकायला येणं हा राजकीय प्रश्न होता. सप्टेंबरमध्ये महापालिकेने परवाना रद्द केला. कारण सांगितलं की मसाल्यात मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे अजिनोमोटो, एक टक्क्याच्या मर्यादेऐवजी २.८ टक्के आहे. कोर्टाने दिलासा दिला आणि दुकान परत सुरू झालं. नोव्हेंबरमध्ये दिल्लीतल्या दुकानाला टाळं लागलं. तिथे कारण होतं, तपासणीत दिसलेल्या दोन माश्या. दोन! औरंगपुऱ्यातल्या कुठल्याही चायनीजच्या गाड्यावर हे दोन्ही निकष लावून बघा, संध्याकाळी सातनंतर शहर उपाशी झोपेल.

३० जानेवारी १९९६ रोजी कर्नाटक राज्य रयत संघाच्या शेतकऱ्यांनी बेंगळुरूच्या दुकानात घुसून तोडफोड केली. संघटनेचे नेते प्राध्यापक एम. डी. नंजुंडस्वामी. तोडफोडीचं समर्थन करायचं कारण नाही. पण त्यांचा एक मुद्दा मी दोनदा वाचला. ते म्हणत होते की, माणसाच्या पोटात जाणारं धान्य कोंबडीच्या खाद्याकडे वळेल आणि शेतीचं गणित बदलेल. त्याकडे पुन्हा येऊ.

पुढची काही वर्षं केएफसी भारतात जवळपास जागच्या जागी होतं. त्याच काळात चीनमध्ये मात्र ते सुसाट सुटलं. १९८७ मध्ये बीजिंगला पहिलं दुकान आणि डिसेंबर २०२३ मध्ये दहा हजारावं. आपल्याकडे वाढीने वेग घेतला तो २००४ नंतर. शाकाहारी बर्गर आले, तिखट ‘हॉट अँड क्रिस्पी’ पुढे आलं, किंमत कॉलेजच्या खिशाला जवळ आली आणि मॉल उभे राहिले. आपल्याकडचं प्रोझोन २०१०चं. नंतर घरपोच ॲप आले आणि दुकान कुठे आहे, याचं महत्त्वच अर्धं झालं.

आज देशात केएफसीची हजाराच्या वर दुकानं आहेत. आता खरा प्रश्न : त्यांचे मालक किती?

मला वाटलं होतं, निदान दोन-तीनशे असतील. जवळजवळ सगळी दुकानं फक्त दोन कंपन्यांकडे आहेत. एक गुरुग्रामची देवयानी इंटरनॅशनल. रवी जयपुरिया यांची, जे पेप्सीच्या बाटल्याही भरतात. दुसरी मुंबईची सफायर फूड्स, २०१५ मध्ये गुंतवणूकदारांच्या पैशांतून उभी राहिलेली. दोन्ही २०२१ मध्ये शेअर बाजारात आल्या, देवयानी ऑगस्टमध्ये ९० रुपयांना आणि सफायर नोव्हेंबरमध्ये १,१८० रुपयांना. आणि २०२६ च्या पहिल्याच दिवशी दोघींनी जाहीर केलं की, आम्ही एकत्र येतोय. म्हणजे एवढ्या मोठ्या देशात बकेट विकणारा मालक दोनावरून एकावर येणार.

‘केएफसीची फ्रँचायझी’ आहे, पण ती एका शहरातल्या एका दुकानाची नाही, राज्यच्या राज्यांची आहे. सँडर्सला कोंबडीमागे चार सेंट मिळायचे, आता अमेरिकेतली मूळ कंपनी ‘यम ब्रँड्स’ला विक्रीच्या साधारण सहा टक्के रॉयल्टी जाते, जाहिरातीचा वाटा वेगळा. एक दुकान उभं करायला कोटीच्या वर खर्च. एक लाख पंचावन्न हजारांत त्यातला फ्रायरही येणार नाही. जिथे एखाद्या पोराला फॉर्म भरून दुकान मिळतच नाही, तिथे ‘शेवटचा स्लॉट’ कुठून आला? उत्तर उघड होतं. मोठ्या ब्रँडच्या नावाने बनावट वेबसाइट काढून रजिस्ट्रेशन फी उकळणाऱ्या टोळ्या देशात अनेकदा पकडल्या गेल्या आहेत.

मी मित्राला रात्री साडेअकराला फोन केला. तो आधी चिडला, मग गप्प झाला. सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर १९३० आहे, हे त्याला सांगितलं. सँडर्सने पंप सुरू केला तेच साल. नशिबाने त्याने पैसे भरले नव्हते, आधार-पॅन मात्र गेलेलं होतं.

एफसी, एफसी आणि एफसी

इथे विषय संपला असता. पण आठवड्याने तो दुसरं पत्रक घेऊन आला. हा ब्रँड खरा होता. नावात शेवटी ‘एफसी’ असलेली डझनभर नावं आता रस्तोरस्ती दिसतात. टीव्ही सेंटरपासून गारखेड्यापर्यंत फिरा, लाल बोर्ड, कोंबडीचं चित्र आणि तीन अक्षरं. कुणी केएफसीची नक्कल म्हणून नाक मुरडतं. मी मुरडणार नाही, त्यातल्या एका गाड्यावरचे विंग्ज मला अधिक आवडतात. शिवाय शहागंज, सिटी चौक, बुढी लेन या भागात तळलेल्या कोंबडीसाठी कर्नलची वाट कुणी पाहिली नव्हती. रमजानच्या रात्री तिथे एकदा जाऊन या.

मोठ्यांनाही आता स्पर्धा आहे. लुइझियानाचं पॉपाइज जानेवारी २०२२ मध्ये बेंगळुरूला आलं, ते डोमिनोज चालवणाऱ्या ज्युबिलंटने आणलं. पुण्याच्या व्यंकीजची स्वतःची ‘एक्सप्रेस’ दुकानं आहेत. आणि एक गोष्ट वाढीच्या बातम्यांत खाली दडलेली असते : २०२३-२४ पासून केएफसीची दुकानं वाढली, पण जुन्या दुकानांची विक्री घसरली. एका दुकानाची दिवसाची सरासरी लाखाच्या आसपास आली आहे. नवीन दुकान जुन्याचंच गिऱ्हाईक खातं की लोकांचा हात आखडलाय, यावर जाणकारांत वाद आहेत. पण इतका पैसा आणि इतकं नाव असलेल्यांची ही स्थिती असेल, तर दहा बाय बाराच्या गाळ्यात लाल बोर्ड लावणाऱ्या पोराची काय असेल?

मित्राच्या पत्रकात लिहिलं होतं ‘सहा महिन्यांत पैसे वसूल’. मी विचारलं, शहरातल्या अशाच आणखी दोन दुकानदारांचे नंबर दिलेत का? मसाला आणि चिकन त्यांच्याकडूनच घ्यायचं बंधन आहे का, आणि कोणत्या दराने? दुकान बंद पडलं तर डिपॉझिटचं काय? पाचशे मीटरवर त्यांनीच दुसरं दुकान दिलं तर? एकाही प्रश्नाचं उत्तर पत्रकात नव्हतं. अमेरिकेत १९७९ पासून नियम आहे की, फ्रँचायझी विकणाऱ्याने आपले कोर्टकज्जे, बंद पडलेली दुकानं, सगळे खर्च लेखी द्यायचे, तेही सही होण्याच्या चौदा दिवस आधी. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा स्वतंत्र कायदाच नाही. साधा करार, त्यात जे लिहिलंय ते. म्हणून ते चौदा दिवस आपणच स्वतःला द्यायचे.

तेलाचंही विचारा, हा माझा आगाऊ सल्ला. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातल्या ‘पोलर कंपाउंड्स’ची मर्यादा २५ टक्के आहे, हा नियम जुलै २०१८ पासून लागू आहे. गाळ्याच्या हिशोबात तेल बदलण्याचा खर्च धरलेला नसेल, तर ते तेल बदललं जाणार नाही, एवढं साधं आहे.

सिल्लोडचा मका, लातूरचं सोयाबीन

डिसेंबरच्या एका रविवारी आम्ही फुलंब्रीकडे गेलो. अण्णांनी चहा दिला. मित्राने एका दमात सगळं सांगितलं : ब्रँड, गाळा, डिपॉझिट, रॉयल्टी. अण्णांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘अन् कोंबडी कुठून येणार, ते इचारलं का?’

त्यांच्या शेडचं असं आहे. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधं कंपनीची. शेड, वीज, पाणी, भुसा आणि राबणं अण्णांचं. पस्तीस-चाळीस दिवसांत पक्षी दोन किलोच्या आसपास भरतो. मग रात्री गाडी येते, वजन होतं आणि किलोमागे ठरलेले मोजके रुपये हातात पडतात. मर जास्त झाली किंवा खाद्य जास्त लागलं की ते रुपये कमी होतात. एक किलो वजनाला साधारण दीड-पावणेदोन किलो खाद्य, याच्या वर आकडा गेला की अण्णा रात्री झोपत नाहीत. मे महिन्यात पत्रा तापतो, तेव्हा गोणपाटं भिजवून बांधायची आणि लाइट जाऊ नये म्हणून देवाला हात जोडायचे.

कोंबडी अण्णांनी वाढवली, पण ती अण्णांची कधीच नव्हती. बकेटवरही नाव दुसऱ्याचंच. काउंटरवरचा मुलगा, कंपनी, मूळ कंपनी आणि हे शेड, यातलं कुणीच अख्ख्या कोंबडीचं मालक नाही, असं मला तिथे उभं राहून वाटलं. केएफसीत एका कोंबडीचे नऊ तुकडे करतात. मालकीचे किती होतात, ते मोजलं पाहिजे.

आणि ते खाद्य म्हणजे काय? मुख्यतः मका आणि सोयाबीनची पेंड. मका आपल्याच जिल्ह्यातला, सिल्लोड-कन्नड-फुलंब्रीचा. सोयाबीन लातूरकडचं. नंजुंडस्वामी म्हणाले होते ते वेगळ्या तऱ्हेने खरं झालंय : कोंबडीच्या खाद्याने इथली शेती खरंच बदलली, पण शेतकऱ्याला त्यातून नगदी पीकही मिळालं. आणि त्याबरोबर एक भांडण मिळालं. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांपर्यंत चढला. लातूरला आनंद, कोंबडीवाल्यांची बोंबाबोंब. ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन जनुकीय सुधारित सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. पुढे नवा मालही आला आणि भाव कोसळला. त्या वर्षी अण्णांचं खाद्य वाचलं आणि अण्णांच्याच मेव्हण्याचं, औसा तालुक्यातल्या, सोयाबीन मातीमोल गेलं. दिवाळीत दोघं एका ताटावर बसले, पण या विषयावर बोलले नाहीत, असं मित्र सांगतो.

धोका सगळा याच टोकाला येऊन साचतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या. २०२० च्या फेब्रुवारीत तर रोग कोंबड्यांत नव्हताच, फक्त व्हॉट्सॲपवर होता. चिकनने कोरोना होतो या अफवेने भाव इतका पडला की, लोकांनी जिवंत पक्षी फुकट वाटले, पुरले. बकेटवाल्याने त्या महिन्यात ऑफर बदलली असेल. अण्णांनी बैल विकला.

परतताना मित्र गाडीवर मागे बसून गप्प होता. हर्सूलपाशी सिग्नलला म्हणाला, ‘गाळा घेतला तर कोंबडी अण्णांचीच घ्यायची. करारातून एक शेड बाहेर काढायचं, छोटं. ब्रँड नको.’ मी म्हटलं, परवाना, कापण्याची सोय, थंड ठेवायची गाडी? म्हणाला, ‘बघू ना.’

अण्णांना हे फोनवर सांगितलं, तेव्हा ते लगेच हो म्हणाले नाहीत. आधी एक अख्खी बॅच एकट्याने काढून दाखव, मग गाळ्याचं बोलू, एवढीच अट घातली. जानेवारीत सेमिस्टरची परीक्षा संपली आणि तो गावी गेला. तिथून रोज सकाळी ग्रुपवर एक फोटो येतो, तराजूचा. काल बॅचचा अठरावा दिवस होता, मर एकोणचाळीस. बुधवारी बकेटला येतोस का, असं कुणीतरी विचारलं, तर उत्तर आलं : ‘रात्री दोनला खाद्याची गाडी आहे.’